मी ढकललं होतं, दात पाडला नव्हता

आधीच सांगून टाकतो, मी वकील नाही. मी आरोपी होतो. चार्जशीटमध्ये आरोपी क्रमांक एक मी आणि क्रमांक दोन माझा दादा. २०१७ च्या मार्चमध्ये पार्किंगवरून शेजाऱ्याशी भांडण झालं, फार फार तर चार मिनिटांचं, आणि त्याची केस संपली २०२२ च्या डिसेंबरमध्ये. त्या पावणेसहा वर्षांत कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून राहून जे काही डोक्यात शिरलं त्याच्यासाठी आता लोक फोन करतात, "अरे आमच्या मेव्हण्यावर अमुक कलम लागलंय, आत जाईल का रे?" म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. वकिलाच्या ऐवजी वाचू नका, वकिलाकडे जायच्या आधी वाचा.

भांडणाचं सांगतो कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्याने गाडी आमच्या गाडीच्या मागे आडवी लावलेली, मला निघायची घाई, मी वर जाऊन बेल वाजवली, तो खाली आला तोच शिव्या देत, मी पण दिल्या (हे कोर्टात नाही सांगितलं, इथे सांगतो), त्याने माझ्या छातीला बोट टोचलं आणि मी त्याला दोन्ही हातांनी ढकललं. तो कलंडला आणि बाजूच्या स्कूटरच्या आरशावर त्याचं तोंड आपटलं. ओठ फुटला, रक्त आलं. दादा आवाज ऐकून खाली आला तोपर्यंत सगळं आटपलं होतं, त्याने उलट त्याला बसवून पाणी दिलं. संध्याकाळी पोलीस स्टेशनचा फोन. फिर्यादीत लिहिलेलं की आम्ही दोघा भावांनी मिळून त्याला मारहाण केली, शिवीगाळ केली आणि खालचा पुढचा दात पाडला. कलम ३२५ (गंभीर दुखापत), ५०४ (मुद्दाम केलेला अपमान), ३४ (समान उद्देश).

मला तोपर्यंत वाटायचं मारामारी म्हणजे मारामारी. तसं नसतं. साधी दुखापत म्हणजे तेव्हाचं ३२३, जास्तीत जास्त एक वर्ष, आणि पोलीस बहुतेक वेळा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि कोर्टात जायला सांगतात. दात पडला की तीच गोष्ट 'गंभीर दुखापत' होते, एफआयआर होतो, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. ढकलणं तेच, माणूस तोच, मधे फक्त एक दात.

सगळी कलमं जामीनपात्र होती म्हणून टेबल जामिनावर, म्हणजे पोलीस स्टेशनलाच मिळतो त्यावर, रात्रीच घरी आलो. आणि मग ज्या चुका केल्या त्या मला अजून रात्री आठवतात.

पहिली चूक दुसऱ्या दिवशी सकाळी. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलं, "काल माझा हात उठला, चुकलंच, सगळ्यांची माफी मागतो." मला वाटलं मोठेपणा दाखवला की तो पण शांत होईल. तो शांत झाला नाही, त्याने स्क्रीनशॉट काढला, आणि तो चार्जशीटच्या एकोणिसाव्या पानावर होता. गंमत बघा, पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात तुमच्या विरुद्ध चालत नाही, म्हणजे सगळे ज्याला घाबरतात ते कागद निकामी, आणि मी आपणहून साठ लोकांना लिहून दिलेलं मात्र पुरावा म्हणून हजर. भांडण झाल्यावर ग्रुपवर, फोनवर, मेसेजवर काहीही लिहू नका. माफीसुद्धा. विशेषतः माफी.

दुसरी चूक सीसीटीव्ही. गेटच्या कॅमेऱ्यात दादा कधी खाली आला ते स्वच्छ दिसलं असतं. पण डीव्हीआरवर जुनं पुसून नवीन रेकॉर्ड होतं, आमच्याकडे पंधरा दिवसांत, आणि मी वकिलाकडे गेलो विसाव्या दिवशी. भांडणाच्याच दिवशी सेक्रेटरीला साधं पत्र द्यायला हवं होतं की अमुक तारखेचं फुटेज जपून ठेवा, त्याच्या पोच घेतलेल्या कॉपीसकट, आणि तसाच अर्ज तपास अधिकाऱ्याला. आणि नुसती क्लिप मोबाईलवर घेऊन उपयोग नाही, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं, आधी ६५-ब म्हणायचे, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३.

तिसरी, मी स्वतःची तक्रार दिलीच नाही. "जाऊ दे, कशाला वाढवायचं." त्याच दिवशी दिली असती तर 'त्याने आधी हात लावला' हे त्याच दिवशी कागदावर आलं असतं. चार महिन्यांनी सांगितलं की समोरचा म्हणतो नंतर सुचलंय.

आता मुद्द्याचं. पहिल्या भेटीत वकील मॅडमना मी अर्धा तास गोष्ट सांगितली, तो कसा माणूस आहे, त्याने पाण्याच्या टाकीवरून काय केलं होतं वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं आणि एका जुन्या पाकिटाच्या मागे पेन्सिलीने चार चौकोन काढले. दुखापत झाली का. ती कायद्याच्या व्याख्येत गंभीर आहे का. ती या माणसाने केली का. आणि इच्छापूर्वक केली का, म्हणजे असं काही होऊ शकतं हे माहीत असताना केली का. "हे चारही चौकोन सरकारी वकिलाने भरायचेत. वाजवी संशयाला जागा न ठेवता. तुम्हाला एकही भरायचा नाही. तुम्ही फक्त सांगा यातला कोणता खोटा आहे." मी म्हणालो मी ढकललं होतं मॅडम. त्या म्हणाल्या, "मग ते नाही म्हणायचंच नाही. आपण दाताशी भांडायचं."

बचाव म्हणजे 'मी तिथे नव्हतोच' असंच लोकांच्या डोक्यात असतं. कधी तसं असतंही. पण बऱ्याच केसमध्ये माणूस तिथे होता, त्याने काहीतरी केलं पण होतं, फक्त आरोप त्या कृत्यापेक्षा मोठ्या मापाचा शिवलेला असतो आणि त्याला खऱ्या मापावर आणणं हेच काम असतं. प्रत्येक कलमाचे असे चौकोन असतात. वकील लोक घटक म्हणतात. कलम कळलं की पहिल्यांदा घटक काढायचे.

पण आधी नंबरांचा घोळ. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (भारतीय दंड संहिता) गेली, भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. त्या तारखेच्या आधीचा गुन्हा असेल तर जुनंच कलम चालतं, म्हणून माझ्यासारख्यांच्या जुन्या केस अजून ३२५ खालीच चालतायत. नवीन संहितेत एकूण ३५८ कलमं, म्हणजे 'चारसोबीस' हे आता कायद्यात राहिलेलंच नाही, फसवणूक ३१८ मध्ये गेली. खून १०३. आणि ३०२ अजून आहे पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने बोलण्याचं आहे, त्यामुळे कोणाच्या नोटिशीवर ३०२ बघून घरच्यांनी बेशुद्ध पडायचं कारण नाही. तसंच ३२४ म्हणजे पूर्वी हत्याराने मारणं, आता ३२४ म्हणजे मालमत्तेचं नुकसान. नेटवर कलम शोधताना 'बीएनएस' (न्याय संहितेचं इंग्रजी लघुरूप) लिहून शोधा नाहीतर भलतंच वाचून घाबराल. मी दोन्ही नंबर देतो जमेल तिथे.

दुखापतीत आता साधी ११५(२), गंभीर ११७(२), हत्याराने ११८. गंभीर म्हणजे काय ते ११६ मध्ये आठ प्रकारांत दिलंय, त्यात डोळा, कान, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं, आणि शेवटी जिवाला धोका किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना किंवा रोजची कामं न करता येणं. आधी ते वीस दिवस होतं. त्यामुळे मेडिकल पेपरवर 'ग्रीव्हियस' लिहिलंय म्हणून ती गंभीर झाली असं नाही, ती त्या आठातल्या कशात बसते आणि ते कशावरून ठरवलं, एक्स-रे आहे का, हे बघायचं. हत्याराचं पण तसंच, जप्ती झाली का, पंच कोण होते, ते पंच त्याच माणसाचे दोस्त आहेत का.

स्वसंरक्षण हा बचाव पण इथेच येतो. न्याय संहितेत ३४ ते ४४. समोरचा मारतोय तर तुम्ही थांबवू शकता, पण गरजेपुरतंच, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तर नाही. हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, फक्त सरकार पक्षाइतकं जड नाही, 'असं घडलं असण्याची शक्यता जास्त' एवढं दाखवलं तरी चालतं. माझ्यात मॅडमनी तो घेतला नाही. छातीला टोचलेल्या बोटावर दोन हातांनी धक्का, तो गरजेपुरता वाटत नाही म्हणाल्या. वाईट वाटलं पण खरं होतं.

शिवीगाळ आणि धमकी ही कलमं म्हणजे भाजीवरची कोथिंबीर, कुठल्याही फिर्यादीवर भुरभुरलेली असतात. ५०४ म्हणजे आता ३५२, ५०६ म्हणजे आता ३५१. ३५२ साठी नुसती शिवी पुरत नाही, समोरच्याने चिडून शांतता मोडावी अशा हेतूने केलेला अपमान लागतो, आणि नेमके शब्द काय होते ते कुठेतरी यायला लागतं. 'अश्लील शिवीगाळ केली' एवढ्या मोघम वाक्यावर खूप केस पडतात. धमकीत घबराट निर्माण करण्याचा हेतू हवा. रागात "बघून घेतो तुला" म्हणणं आणि खरोखर कोणाला घाबरवून काहीतरी करायला लावणं यात फरक आहे. पण जिवे मारण्याची धमकी असेल तर सात वर्षांपर्यंतचं कलम आहे, हलक्यात घेऊ नका.

फसवणुकीबद्दल जरा जास्त लिहितो, कारण याच्यावर सगळ्यात जास्त फोन येतात. मित्राने एका माणसाचं काम घेतलं, अॅडव्हान्स घेतला, निम्मं काम केलं, मग स्वतःच आर्थिक अडचणीत आला आणि काम थांबलं. त्या माणसाने फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही लावून फिर्याद दिली. आता फसवणुकीचा मुख्य घटक काय, तर सुरुवातीलाच फसवायचा इरादा. पैसे घेताना मनात होतं का की काम करायचंच नाही. नंतर जमलं नाही, वेळेत दिलं नाही, उधार फेडलं नाही, हा करार मोडणं झालं, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. हे सुप्रीम कोर्टाने किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही. आणि २०२४ मध्ये परत एकदा सांगितलं की फसवणूक आणि फौजदारी विश्वासघात एकाच व्यवहारात एकाच वेळी होऊच शकत नाहीत, कारण फसवणुकीत सुरुवातच खोटी असते आणि विश्वासघातात सुरुवात खरी, विश्वासाने सोपवलेलं असतं, बिघडतं नंतर. दोन्ही कलमं एकत्र दिसली की वकिलाला हे विचारा. मित्राकडे पहिल्या महिन्यातली मटेरियलची बिलं होती, मजुरांना दिलेले पैसे होते, साइटचे फोटो तारखेसकट होते. काम करायचंच नव्हतं तर हे कशाला केलं असतं? तो हायकोर्टात गेला एफआयआर रद्द करायला, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५२८, जुनं ४८२. कुठल्या प्रकारच्या एफआयआर रद्द होऊ शकतात हे सुप्रीम कोर्टाच्या १९९० च्या भजनलाल निकालात दिलंय, वकील लोक त्याचं नाव हनुमान चालीसेसारखं घेतात. पण हायकोर्ट तिथे साक्षीपुरावा तपासत बसत नाही, एफआयआर जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा होतो का एवढंच बघतं, त्यामुळे 'तो खोटं बोलतोय' हा तिथला मुद्दा नव्हे.

चोरीत पण तसंच, अप्रामाणिक हेतू. भागीदारी मोडली, एकाने ऑफिसमधला लॅपटॉप नेला, त्याला मनापासून वाटत होतं तो त्याचाच आहे आणि तसं वाटायला काहीतरी आधार होता, तर ती चोरी होत नाही.

चेक बाउन्स मात्र उलटं जनावर आहे, ते वेगळं समजून घ्या. सगळीकडे आरोपी निर्दोष धरून सुरुवात, इथे सही तुमची आहे म्हटल्यावर कोर्ट धरूनच चालतं की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता. नाही असं तुम्ही दाखवायचं. 'तो तर सिक्युरिटीसाठी कोरा दिलेला' हे सगळेच म्हणतात, नुसतं म्हणून भागत नाही, खातं, पावत्या, मेसेज, समोरच्याची एवढी रक्कम द्यायची ऐपत होती का, हे काढावं लागतं. आणि तारखा. चेक तीन महिन्यांच्या आत बँकेत लावला का, बाउन्सचा मेमो आल्यावर तीस दिवसांत नोटीस दिली का, नोटीस मिळाल्यावर तुम्हाला पंधरा दिवस मिळाले का, त्यानंतर महिनाभरात केस टाकली का. मी स्वतः पाहिलंय एका तारखेच्या चुकीवर केस गेलेली. नोटिशीला उत्तर न देणं ही मात्र शुद्ध आत्महत्या, लोक घाबरून पाकीटच उघडत नाहीत. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड रकमेच्या दुप्पट होऊ शकतो, पण तडजोड कधीही करता येते आणि खरंच देणं असेल तर लवकर केलेली बरी.

सरकारी कर्मचाऱ्याला अडवल्याचं कलम, जुनं ३५३, आता १३२. त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, आणि तो कर्तव्य बजावत असायला लागतो. काउंटरवर आवाज चढवून भांडलात म्हणून हे कलम लागत नाही, पण कागद हिसकावला, कॉलर धरली, की लागतं. दारू पिऊन गाडी चालवण्यात रक्ताच्या १०० मिलीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तिथे आकडा बोलतो, तुमची 'मी तर शुद्धीत होतो' ही गोष्ट बोलत नाही, टेस्ट कशी आणि कधी घेतली एवढंच तपासायला उरतं. ४९८-अ, म्हणजे नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ, आता ८५ आणि ८६, यावर मी जास्त बोलणार नाही कारण दोन्ही बाजूंची घरं जवळून पाहिलीत आणि खरी केस किती खरी असते तेही. एवढंच सांगतो की ज्या नातेवाइकांवर तारीख, जागा, काय केलं असं काहीच न लिहिता नुसतं 'सर्वांनी मिळून छळ केला' असतं त्यांची नावं काढायला कोर्टं तयार असतात, आणि यात आपसात मिटलं तरी खालच्या कोर्टात तडजोड होत नाही, हायकोर्टात जाऊन रद्द करून घ्यावं लागतं.

आणि '३४', आता ३(५), समान उद्देश. माझ्या दादाचं पाप एवढंच की तो खाली आला. घरात चार पुरुष असतील तर चौघांची नावं टाकायची पद्धतच आहे. प्रत्येकाचा घटक वेगळा तपासायचा असतो, हजर असणं म्हणजे उद्देश सामाईक असणं नव्हे.

पोलीस स्टेशनचं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार निकालात सांगितलं, त्यामुळे आधी हजर राहायची नोटीस येते, जुनी '४१-अ' ची, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) ची. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली चालत नाही हे पण सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. पण कागदावर आली तर जा. न जाणं हेच अटकेचं कारण होतं. वकिलाला घेऊन जा, नोटिशीची कॉपी खिशात ठेवा, आणि किती वाजता गेलो किती वाजता निघालो ते लिहून ठेवा. नाव पत्ता खरा सांगायचा, त्यात नखरे करू नका. पण स्वतःला अडकवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची सक्ती कोणी करू शकत नाही, घटनेचं कलम २०(३), आणि हे पोलीस चौकशीला पण लागू आहे असं १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात ठरलंय. सभ्यपणे म्हणायचं, साहेब वकिलांशी बोलून लेखी देतो. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही नसते, कायद्यातच तसं आहे, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. बाईमाणसाला जबाबासाठी स्टेशनला बोलवता येत नाही, साठच्या वरच्यांना पण नाही, पोलिसांनी घरी यायचं.

अटक झालीच तर कारण सांगायला हवं, घरच्यांना कळवायला हवं, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर. तिथे मॅजिस्ट्रेट विचारतात काही तक्रार आहे का, मारलं असेल तर तेव्हाच सांगायचं, नंतर नाही. मग पीसीआर (पोलीस कोठडी) की एमसीआर (न्यायालयीन कोठडी) ते ठरतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे, १५१०० हा फोन, कोठडीतल्या कोणालाही आणि सगळ्या महिलांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. अजामीनपात्र कलम असेल आणि अटकेची भीती खरी असेल तर अटकपूर्व जामीन, सेशन्स कोर्ट किंवा हायकोर्ट. आणि आत असलेल्याच्या घरच्यांनी कॅलेंडरवर खूण करायची, साठ दिवस, किंवा मोठ्या गुन्ह्यात नव्वद. तेवढ्यात चार्जशीट आली नाही तर जामीन हा हक्क होतो, पण चार्जशीट यायच्या आत अर्ज करायला लागतो. एक दिवस उशीर आणि हक्क गेला.

(आणि व्हिडिओ कॉलवर युनिफॉर्म घालून कोणी 'डिजिटल अरेस्ट' म्हणाला तर फोन ठेवून द्या. असं काही कायद्यात नाहीच.)

छोट्या केसमध्ये एक सल्ला हमखास मिळतो, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." हा सल्ला देणारा कधीच आरोपी नसतो. कबुली म्हणजे दोषसिद्धी, ती नोकरीच्या फॉर्मवर येते, व्हेरिफिकेशनला येते. नुसती केस चालू असली तरी दादाचा पासपोर्ट अडला होता, कोर्टाची परवानगी आणायला लागली, त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळ्या तारखा.

दादाचा डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालायच्या आधीच वगळा असा, अर्ज फेटाळला गेला. त्या टप्प्यावर कोर्ट प्रथमदर्शनी काही आहे का एवढंच बघतं. मग तारखा. साक्षीदार नाही, साहेब रजेवर, मग कोविड, मग साहेबांची बदली. वॉरंट निघू नये म्हणून प्रत्येक तारखेला जायचं नाहीतर वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज, हे कंटाळवाणं काम चुकलं की चांगली केस पण बिघडते.

२०२२ मध्ये फिर्यादी पिंजऱ्यात आला आणि सरतपासात (सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना) म्हणाला की दादाने त्याचे हात मागून धरले आणि मी मारलं. मॅडमनी उलटतपासात एफआयआर हातात दिली. यात हात धरल्याचं लिहिलंय का? नाही. पुरवणी जबाबात? नाही. मग ते वाक्य आलं जे मी त्या कोर्टात दुसऱ्यांच्या केसमध्ये वीस वेळा तरी ऐकलं होतं, "मी पोलिसांना सांगितलं होतं, त्यांनी का लिहिलं नाही याचं कारण सांगता येणार नाही." दादा तिथेच सुटला, निकाल पुढे आला एवढंच.

मग डॉक्टर. दाताचा एक्स-रे काढला होता का? नाही. दात मधून तुटलेला होता की मुळासकट निघालेला, तुमच्या पेपरवर नोंद आहे का? नाही. हिरड्यांच्या आजारात दात हलका होऊन थोड्याशा धक्क्यानेही निघू शकतो हे बरोबर आहे का? हो, बरोबर आहे. मॅडम बसल्या. मी बाहेर आल्यावर विचारलं, अहो डॉक्टरांनाच विचारायचं ना की मग शेजाऱ्याचा दात आधीच हलत असेल. त्या म्हणाल्या, "आणि त्यांनी म्हटलं असतं की नाही, मी तपासलं होतं, हिरड्या चांगल्या होत्या. मग?" पावणेसहा वर्षं आणि तीन प्रश्न, आणि चौथा न विचारायचे पैसे पण त्याच फीमध्ये.

शेवटी आरोपीचा जबाब असतो, पूर्वी सीआरपीसीचं ३१३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३५१, कोर्ट एकेक पुरावा सांगून विचारतं तुमचं काय म्हणणं. शपथ नसते. बहुतेक आरोपी 'खोटं आहे, खोटं आहे' म्हणत जातात. मी लेखी दिलं, ढकललं, दात पाडला नाही, भाऊ नंतर आला. तीन ओळी. त्या तीन ओळी लिहायला मॅडमनी मला तीनदा परत पाठवलं होतं.

निकालात ३२५ सिद्ध झालं नाही, ५०४ नाही. दादा निर्दोष. माझ्यावर ३२३ सिद्ध झालं, आणि १९५८ चा परिवीक्षा कायदा आहे त्याखाली शिक्षा न देता समज देऊन सोडलं. समज म्हणजे खरोखर समज, जजसाहेबांनी चष्मा काढून सांगितलं की सुशिक्षित माणसं आहात, शेजारी राहता, परत इथे दिसू नका. मी हो म्हणालो. मागे फिर्यादी उभा होता, त्याला पण तेच सांगितलं.

निकालाची प्रमाणित प्रत घ्यायला दोन आठवडे लागले, दादाने तिच्या पाच झेरॉक्स काढून ठेवल्यात. सोसायटीने मधल्या काळात पार्किंगला नंबर टाकून घेतले, त्या दिवशी त्याची गाडी उभी होती ती जागा अग्निशमनच्या गाडीसाठी मोकळी ठेवायची निघाली.